शंभरातले किती?

वैशाख सरत आला होता. नांगरट झाली होती, वखराच्या पाळ्या झाल्या होत्या. गावातली माणसे आता आभाळाकडे पाहू लागली होती. अशा दिवसांत आमच्या रात्रीच्या वर्गाला माणसे कमी येतात. तरी त्या रात्री ओट्यावर चौदा जण बसले होते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार शिकून झाले होते. भागाकार अर्धा झाला होता. तेवढ्यात मागे बसलेले एक आप्पा म्हणाले, "गुरुजी, हाऊ भागाकार शिकीसन आम्हले काय उपेग?"

आम्ही पाटी खाली ठेवली आणि आप्पांनाच विचारले, "आप्पा, घरचे सोयाबीन बियाण्याला ठेवले आहे ना?"

"शे ना. तीन एकराचं शे."

"ते उगवेल का?"

"उगी ना! मांगला साले उगनं व्हतं."

"उगवेल हे खरे. पण शंभर दाणे पेरले तर त्यातले किती उगवतील?"

आप्पा गप्प झाले. शेजारच्यांकडे पाहू लागले. शेजारचेही गप्प. चौदा माणसांपैकी कोणालाच ते सांगता येईना. तीन एकरांचे बियाणे, नांगरटीचा खर्च, खत, मजुरी, सगळे त्या एका आकड्यावर उभे होते, आणि तो आकडा कोणाजवळच नव्हता.

मंडळी, २०२० सालचा जून महिना आठवतो का? त्या वर्षी मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन उगवले नाही म्हणून हजारो शेतकऱ्यांनी तक्रारी केल्या. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. ज्यांचे उगवले नाही त्यांना दुबार पेरणी करावी लागली. दुबार पेरणी म्हणजे काय ते तुम्हांला आम्ही सांगायला नको. पैसा दोनदा जातो, आणि गेलेली तिथी काही परत येत नाही.

म्हणून त्या रात्री आम्ही भागाकार सोडला नाही, फक्त पाटीवरून काढून गोणपाटावर मांडला.

दुसऱ्या दिवशी एक जिजी पदरात दहा दाणे घेऊन आल्या. ते त्यांच्या घरच्या पोत्यातले. आम्ही ते ओल्या फडक्यात बांधून ठेवले. सहाव्या दिवशी फडके सोडले. दहांपैकी नऊ दाण्यांना कोंब आला होता. जिजी खूश झाल्या. "हाई बियानं चांगलं शे," म्हणाल्या.

आम्ही विचारले, "जिजी, दाणे कसे घेतले होते?"

"कसे म्हणजे? चांगले पाहूनच घेतले. किडका दाणा का मास्तरला दाखवायचा?"

सगळे हसले. पण चूक इथेच होती. आमच्या मायबहिणींचे हात जन्मभर धान्य निवडत आले आहेत. पसाभर दाणे उचलले की बोटे आपोआप टपोरा दाणा धरतात आणि बारका सोडतात. शेतात मात्र टपोरे आणि बारके सगळेच पडतात. निवडून घेतलेल्या दहा दाण्यांनी पोत्याची खबर दिली नाही, जिजींच्या बोटांची दिली.

मग आम्ही पोते गाठले. वरचा एक मूठ, मधला एक मूठ आणि हात खोल घालून तळाचा एक मूठ असे दाणे काढले. दोन पोती होती, तेव्हा दोन्हींतून काढले. ते एका सुपात मिसळले. मग डोळे मिटून, समोर येईल तो दाणा घेत, शंभर-शंभर दाण्यांचे तीन भाग मोजले. डोळे मिटायला आम्ही मुद्दाम सांगितले. कोणाला ते पोरखेळ वाटले असेल. पण हा पोरखेळ नव्हे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे नाव तुम्ही कदाचित ऐकले नसेल. सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी १९११ साली त्यांचा जन्म झाला. ते पुढे जगात नावाजलेले संख्याशास्त्रज्ञ झाले. पीक किती आले हे ठरवण्यासाठी शेतातला एक तुकडा आखून, कापून, तोलतात, त्याला पीककापणी प्रयोग म्हणतात. १९४० नंतरच्या वर्षांत त्या प्रयोगांची घडी बसवण्यात सुखात्मे आणि पानसे यांचा मोठा वाटा होता. त्यातला मुख्य नियम हाच, की कोणते शेत आणि शेतातला कोणता तुकडा कापायचा ते माणसाने मनाने निवडायचे नाही. चिठ्ठी निघेल तोच तुकडा कापायचा. चांगला तुकडा निवडला तर पीक जास्त दिसते, वाईट निवडला तर कमी दिसते. जिजींचे तेच झाले होते.

आता गोणपाटाची कृती नीट सांगतो, कारण ती घरोघर करता येते. गोणपाटाचा तुकडा धुऊन ओला करावा. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्या. दाण्याला दाणा चिकटू देऊ नये. वरून दुसरे ओले गोणपाट घालावे, हलक्या हाताने गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवावी. रोज पाणी शिंपडावे, पण पाणी साचू देऊ नये. साचले तर दाणा कुजतो आणि दोष आपण बियाण्याला देतो. गोणपाट नसेल तर वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या ओल्या करूनही हे जमते. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उघडावी आणि मोजावे. मोजताना ज्याचे मूळ आणि कोंब दोन्ही धड आहेत तोच दाणा उगवला असे धरावे. नुसता फुगलेला, वाकडा-तिकडा किंवा बुरशी आलेला दाणा धरू नये. इथे माणूस स्वतःच्या बियाण्याला झुकते माप देतो. ते देऊ नये.

आमची पहिली गुंडाळी उघडली. ओळीने मोजले, आणि एका काकांनी पाटीवर लिहिले:

६, ५, ९, ४, ६, ७, ३, ६, ५, ६.

बेरीज करा. सत्तावन्न येते. शंभर टाकले, सत्तावन्न उगवले.

आता या दहा आकड्यांकडे जरा थांबून पाहा. पोते तेच, पाणी तेच, गोणपाट तेच. तरी एका ओळीत नऊ उगवले आणि एका ओळीत तीनच. समजा, आम्ही फक्त तिसरी ओळ मांडली असती. आम्ही म्हणालो असतो, "वा! शंभरातले नव्वद!" आणि फक्त सातवी ओळ मांडली असती, तर म्हणालो असतो, "गेले बियाणे! शंभरातले तीसच." दोन्ही खोटे ठरले असते. दहा दाणे म्हणजे फार थोडे. थोड्यावर योगायोगाचा जोर चालतो. जसजसे दाणे वाढतात तसतसा तो जोर ओसरतो.

दुसऱ्या गुंडाळीत ६३ उगवले. तिसरीत ६०. म्हणजे तीनशे दाण्यांपैकी १८० उगवले. आता आकडे ५७, ६३, ६० असे जवळजवळ आले. एकमेकांपासून लांब पळाले नाहीत. सरकारी बीज परीक्षण प्रयोगशाळेत याच कारणासाठी चारशे दाणे तपासतात, शंभर-शंभरांच्या चार भागांत.

तीनशेतले १८०, म्हणजे शंभरातले किती? इथे आप्पांचा भागाकार आला. जेवढे उगवले त्याला शंभराने गुणा आणि जेवढे टाकले त्याने भागा.

१८० × १०० = १८,०००.
१८,००० ÷ ३०० = ६०.

शंभरातले साठ. दाणे कितीही मांडले असोत, कृती हीच. पन्नासातले एकोणचाळीस उगवले तर ३९ × १०० ÷ ५० = ७८. चाळीसातले तेहेतीस उगवले तर ३३ × १०० ÷ ४०, म्हणजे साडेब्याऐंशी. मोजणी वेगवेगळी असली तरी सगळी शंभराच्या एका मापात आली की एकमेकांशी ताडून पाहता येते. नाहीतर एकजण म्हणतो माझे तेहेतीस उगवले, दुसरा म्हणतो माझे एकोणचाळीस, आणि कोणाचे बियाणे बरे ते कळत नाही. तेहेतीसवाल्याचेच बरे होते.

शाळेच्या पुस्तकात या आकड्याला 'सापेक्ष वारंवारता' म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट आपल्या घरातली आहे. किती वेळा करून पाहिले आणि त्यातून किती वेळा तसे घडले, त्याचे हे प्रमाण. आपले वाडवडील हेच रुपयात सांगत. "बारा आणे काम झाले," असे अजूनही म्हणतात. रुपयाचे आणे सोळा. त्यातले बारा म्हणजे पाऊण. महसूल खात्याची पिकाची आणेवारी याच बोलीतून आली. १९५७ साली रुपयाचे शंभर पैसे झाले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. शंभरातले साठ उगवले म्हणजे रुपयातले साठ पैसे उगवले, असे समजा. आप्पांना हे ऐकताच पटले. "मंग चाळीस पैसा मातीमा ग्यात," ते म्हणाले.

अगदी बरोबर. आता त्या चाळीस पैशांचे काय करायचे?

सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण शंभरात निदान सत्तर असावी असा नियम आहे. एकरी तीस किलो बियाणे सांगतात ते या सत्तराच्या हिशेबाने. आपले साठच उगवते. तर तेवढीच रोपे उभी राहावीत म्हणून बियाणे वाढवले पाहिजे. ३० × ७० ÷ ६० = ३५. एकरी पस्तीस किलो. तीन एकरांना पंधरा किलो जास्त. आप्पांनी हा हिशेब पाटीवर दोनदा केला. दोन्ही वेळा पंधराच आले. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी केला नाही, पोते मोजायला घरी गेले.

साठाच्याही खाली आले तर ते बी पेरणीला धरू नये, असे आम्ही म्हणू. ते बाजारात न्यावे आणि बियाणे दुसरीकडून घ्यावे. सोयाबीनची साल फार नाजूक असते. मळणीयंत्र फार वेगाने फिरले, पोते गाडीवरून आपटले, काढणीच्या वेळी पाऊस लागला, की दाणा वरून साजरा दिसतो पण आतून गेलेला असतो. डोळ्यांना ते कळत नाही. ते गोणपाटालाच कळते.

प्रत्येक पिकाची पायरी वेगळी आहे. ज्वारी आणि बाजरीला शंभरात पंचाहत्तर, मूग-उडदालाही पंचाहत्तर. हरभरा आणि गव्हाला पंच्याऐंशी. भुईमुगाला सत्तर. विकतच्या पिशवीवर उगवणीचा आकडा छापलेला असतो. १९६६ च्या बियाणे कायद्याने तो छापावाच लागतो. आता तुम्हांला वाचता येते, तेव्हा दुकानातच तो वाचा. पावती, पिशवी, तिच्यावरची खूणचिठ्ठी आणि मूठभर दाणे जपून ठेवा. पीक उगवले नाही तर तक्रारीच्या वेळी हेच लागते.

आता एक प्रश्न एका तरुणाने विचारला, तो चांगला होता. "तीनशे दाण्यांनी पोत्याची खात्री कशी देता? पोत्यात तर लाखावर दाणे असतील."

त्यासाठी आम्ही त्याला एका कैद्याची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, जर्मनीने डेन्मार्क देश घेतला. तेव्हा जॉन केरिच नावाचे गणिताचे एक अध्यापक तिथे होते. ते शत्रुपक्षाचे म्हणून त्यांना छावणीत डांबले. वेळ जाता जाईना. त्यांनी एक नाणे घेतले आणि दहा हजार वेळा उडवले. दर वेळी काय पडले ते लिहून ठेवले. आपण छापा-काटा म्हणतो ना, तेच. पहिल्या दहा वेळांत छापा चारदा आला. शंभर वेळांत ४४ दा. हजार वेळांत ५०२ दा. दहा हजार वेळांत ५,०६७ दा. शंभराच्या मापात मांडा: आधी ४०, मग ४४, मग ५० च्या थोडे वर, शेवटी पन्नास-एक्कावन्नच्या मध्ये. आधी गाडी डगमगते, मग चाकोरी सापडते. आपल्या गोणपाटावर हेच घडले. पहिल्या ओळीपाशी ६०, दोन ओळींपाशी ५५, तीन ओळींपाशी सहासष्टच्या वर, शंभरापाशी ५७, तीनशेपाशी ६०.

नाण्याच्या दोन बाजू सारख्या, म्हणून निम्मे-निम्मे हे न उडवताही सांगता येते. पण सारीपाटाची कवडी घ्या. तिची पाठ फुगीर आणि पोट चिरलेले. ती किती वेळा उताणी पडेल? हे बसल्या जागी कोणी पंडितही सांगू शकणार नाही. ती शंभर-दोनशे वेळा टाकूनच पाहिली पाहिजे. बियाणे कवडीच्या जातीचे आहे, आणि पाऊसही.

पावसाचे नाव निघाले तेव्हा वर्गात वाद झाला. एकजण म्हणाले, "मृगात पाऊस येतोच." दुसरे म्हणाले, "कधीच येत नाही." दोघेही आठवणीवर बोलत होते. माणसाला एक तर मोठा पूर आठवतो, नाहीतर १९७२ सारखा मोठा दुष्काळ. मधली साधी वर्षे कोणाच्या ध्यानात राहत नाहीत. म्हणून लिहून ठेवले पाहिजे. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. त्यांनी रचलेले घरातल्यांनी कागदावर उतरून घेतले, म्हणूनच १९५१ साली त्या गेल्यावरही ते आपल्याला मिळाले. पावसालाही कागद हवा.

समजा, तुमच्या गावची वीस वर्षांची नोंद आहे. पेरणीजोगा, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस, मृग संपेपर्यंत झाला अशी वर्षे सहा निघाली. ६ × १०० ÷ २० = ३०. म्हणजे शंभरातली तीसच वर्षे मृगातल्या पेरणीची. मग मृगाचे दोन शिंतोडे पडले की तिफण जुंपणाऱ्याने हा आकडा समोर ठेवावा. पण ही नोंद आपल्याच गावची हवी. धुळे जिल्ह्यात साक्रीच्या पश्चिमेला डोंगरपट्टीत पाऊस वेगळा आणि शिंदखेड्याकडे वेगळा. साक्रीच्या वहीवर शिंदखेड्याने पेरू नये.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिच्यात घरे बुडतात. पुष्कळ लोक म्हणतात, "दोन वर्षे पाऊस चुकला, आता यंदा पडलाच पाहिजे." किंवा, "चार वेळा काटा आला, आता छापा येणारच." नाण्याला मागचे काही आठवत नाही. केरिच यांच्या नाण्याने मागची कसर भरून काढली नाही. पुढे इतक्या वेळा ते उडाले की मागची कसर त्यात दिसेनाशी झाली, एवढेच. आकडा लावणाऱ्यांचा घात याच समजुतीने होतो. दहा आकड्यांतून एक निघतो, आणि लागला तर रुपयाला नऊ रुपये देतात असे धरा. शंभर दिवस रोज एक रुपया लावला तर सुमारे दहा वेळा लागेल. हातात नव्वद येतील, शंभर गेलेले असतील. हा हिशेब आम्ही पाटीवर केला तेव्हा ओट्यावरचे दोघे जण खाली मान घालून बसले होते. आम्ही त्यांना काही विचारले नाही.

आकड्याकडून एकच गोष्ट मागू नये. शंभरातले साठ उगवतील हे तो सांगतो. पण सुपातला हा एक दाणा उगवेल का, हे तो सांगत नाही. तसेच, गोणपाटावर सावली आणि पाणी मिळाले. शेतात ढेकूळ आहे, किडा आहे, उघाड आहे. शेतातली उगवण गोणपाटापेक्षा थोडी कमीच येते असे धरून चालावे.

आता ही उदाहरणे वहीत करा.

१. जळगावच्या तेलबिया केंद्रातून निघालेला जेएल-२४ भुईमूग पुष्कळांना माहीत आहे. त्याचे घरचे ५० दाणे मांडले, ४१ उगवले. शंभरातले किती? सत्तराची पायरी ओलांडली का?

२. बाजरीचे २०० दाणे मांडले, १३८ उगवले. पंचाहत्तरांना किती कमी पडले?

३. तालुक्याला जाणारी सकाळची एसटी पुढचे २५ दिवस पाहा. उशिरा आली की वहीत एक रेघ ओढा. शेवटी शंभराच्या मापात मांडा.

४. घरात कवडी असेल तर ती शंभर वेळा टाका. प्रत्येक दहा वेळांनंतर उताण्या कवडीचे प्रमाण लिहा. आकडा कुठपर्यंत डगमगतो आणि कुठून स्थिरावतो ते पाहा.

५. एका शेतकऱ्याने उडदाचे १० दाणे मांडले, ८ उगवले. त्याच्या शेजाऱ्याने ३०० मांडले, २३१ उगवले. दोघांचे प्रमाण काढा. मग सांगा, बियाणे उसने घ्यायचे झाले तर तुम्ही कोणाच्या दारी जाल, आणि का?